दहाच्या आत मैफल

नमस्कार श्रोतेहो.

कोजागरीचं दूध झालं की पुण्यात गाण्याचा हंगाम लागतो. पेपरातल्या कार्यक्रमांच्या चौकटीत एकाच संध्याकाळी चार-चार ठिकाणची नावं दिसायला लागतात आणि आपल्याला हवे असलेले दोन कार्यक्रम नेमके एकाच वेळेला येतात, एक कोथरूडला आणि दुसरा टिळक रस्त्याला. यंदाही तसंच होणार. तेव्हा येत्या तीन महिन्यांत कोणाकोणाला ऐकायचं हे तुमचं तुम्ही ठरवा. कधी आणि कुठे जाऊन बसायचं, याबद्दल मात्र आज मी थोडं बोलणार आहे.

दिवाळी पहाटेचं फार सांगत नाही. बागेत, मैदानात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, जिथे सतरंजी मावेल तिथे ती होते. मागणी असलेले गायक एका सकाळी दोन-दोन ठिकाणी गातात. दुसऱ्या ठिकाणी पोचेपर्यंत ते दमलेले असतात आणि श्रोत्यांना फराळाचे वेध लागलेले असतात. माझं ऐकाल तर पहिल्या ठिकाणी जा. नुसता नवा झब्बा मिरवायचा असेल तर कुठेही जा, त्यालाही माझी हरकत नाही.

खरा हंगाम डिसेंबरातला. सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर १९५२ साली गेले आणि पुढच्याच वर्षी पुण्यात त्यांच्या पुण्यतिथीला गाणं झालं. पंडित भीमसेन जोशींनी गुरूसाठी सुरू केलेला तो उत्सव, म्हणजे आपली ‘सवाई’, वाढत वाढत रमणबागेच्या मैदानात मावेनासा झाला आणि २०१८ पासून मुकुंदनगरला, महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर गेला. जुनी मंडळी अजून ‘आमच्या वेळची सवाई’ म्हणून सुरू होतात. रात्रभर गाणं, पहाटे चहा, उजाडताना ललत किंवा तोडी, आणि मग डोळे चोळत थेट ऑफिस. यातलं काही खोटं नाही. पण ते आता परत येणार नाही, आणि त्याचं कारण कायद्यात आहे.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी उघड्यावरचे लाउडस्पीकर रात्री १० ते सकाळी ६ बंद केले. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कडकपणे पाळायला लावले. राज्य सरकारला वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस १२ वाजेपर्यंत सवलत देता येते. त्यातलाच एखादा दिवस, बहुधा शनिवार, सवाईच्या वाट्याला येतो. एरवी दहाचा ठोका म्हणजे दहाचा ठोका. रात्रीच्या गाण्यासाठी गळा काढणाऱ्यांनी मैदानाला लागून राहणाऱ्या घरातल्या लोकांनाही एकदा विचारावं. दुसऱ्या दिवशी शाळेची बस सातला असते.

या नियमाने रागांचा मात्र बाजार उठवला. दरबारी, मालकंस, अडाणा ही रात्रीची, खरं तर मध्यरात्रीची मंडळी. आता दरबारी नऊ वाजता उरकावा लागतो, समोरचे लोक घड्याळ बघत असताना. ललत, भटियार हे पहाटेचे राग तर मोठ्या मैदानावरून जवळपास हद्दपारच झाले. पण दुसरी बाजूही बघा. आता कार्यक्रम दुपारी तीनच्या सुमारास सुरू होतो. त्यामुळे भीमपलास, पटदीप, मुलतानी, आणि दिवेलागणीला मारवा, पूरिया धनाश्री हे राग आपापल्या खऱ्या वेळेला हजारो लोकांसमोर गायले जातात. रात्री नऊला सुरू होणाऱ्या जुन्या मैफलीत मुलतानीला कोण विचारत होतं? शेवटच्या रविवारी तर दुपारी बाराला सुरुवात होते, म्हणजे सारंगाचे प्रकारही ऐकायला मिळतात. ही आयती चालून आलेली मेजवानी आहे आणि निम्मे पुणेकर ती चुकवतात, कारण ते सहानंतर उगवतात. मोठं नाव शेवटी, मग आधी जाऊन करायचं काय, असा हिशेब!

त्या तीन वाजताच्या पहिल्या कलाकाराबद्दल मला बोलायचंच आहे. पहिलं गाणं बहुतेक तरुण गायकाचं किंवा वादकाचं असतं. समोर निम्म्या खुर्च्या रिकाम्या, उरलेल्यांत जागा धरायला ठेवलेल्या शाली, बाजूला वड्यांच्या स्टॉलची लगबग, आणि मधूनच कोणीतरी ‘अहो, इकडे, इकडे’ म्हणून हात हलवतंय. अशा गडबडीत चाळीस-पन्नास मिनिटांत त्याला संथ लयीतला विलंबित ख्याल मांडायचा असतो. राग उलगडायलाच वीस मिनिटं जातात, जलद लयीतलं द्रुत धावत संपवावं लागतं, तरीही तो जिवाच्या आकांताने गातो, कारण सवाईत गायलो हे पुढे आयुष्यभर त्याच्या नावापुढे लागणार असतं. शहराच्या गाण्यात नवीन काय चाललंय हे तिथे कळतं. रात्री साडेनऊला जे ऐकू येतं, ते आपल्याला आधीच ठाऊक असतं.

पुढे बसायला मिळालं तर एक गोष्ट जरूर बघा. डिसेंबरात सूर्य कलला की मैदानावर गारवा उतरतो. गारव्याने तंबोऱ्याच्या तारा आखडतात आणि स्वर चढायला लागतो. तबल्याचं चामडं हवेतला ओलावा धरतं आणि त्याचा स्वर उतरायला लागतो. म्हणजे एकाच व्यासपीठावर दोन वाद्यं दोन दिशांना निघालेली! गायक आलापीत रमलेला असताना मागे बसलेली शिष्या डोळे मिटल्यासारखी दिसते, पण तिचा हात हळूच तार जुळवायच्या मण्यावर जातो, केसभर सरकतो, मग घोडीवरचा सुती धागा नखाने जरासा पुढे-मागे होतो आणि मंदावलेली जवारी, म्हणजे तारेचा झंकार, पुन्हा बोलू लागते. तबलजी समेनंतरच्या मोकळ्या जागेत हातोडीने तबल्याच्या कडेच्या गजऱ्यावर दोन टोले मारून घेतो. हे सगळं गाणं न थांबवता चालतं. तंबोरे बहुधा मिरजेचे असतात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते उशिराच मिळालं म्हणायचं.

आता नव्या गाण्यांकडे येऊ. नवीन गाणं शुक्रवारी बाहेर पडतं, जगभर तीच रीत आहे. पुणेकरांनी यावर नाक मुरडायला नको. आकाशवाणीचं पुणे केंद्र १९५३ साली सुरू झालं आणि १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, याच केंद्रावरून गीतरामायणाचं पहिलं गीत प्रसारित झालं. तो वार शुक्रवारच होता! पुढे वर्षभर दर आठवड्याला एक नवं गाणं येत गेलं, एकूण छप्पन्न. गदिमांनी लिहायचं, सुधीर फडके यांनी चाल लावायची आणि सगळ्या गावाने रेडिओभोवती जमायचं. आजच्या पोरांना मी सांगतो, तुमचं ते साप्ताहिक सिंगल आम्ही आधीच करून झालोय.

मग कॅसेटचा जमाना आला. कर्वे रस्त्यावरच्या अलूरकर म्युझिक हाऊसने मल्लिकार्जुन मन्सूरांसारख्यांच्या मैफलींच्या कॅसेट काढल्या. एका बाजूला एक राग, पुरा अर्धा तास. आज गाणं तीन मिनिटांच्या आत संपवावं लागतं आणि त्यातलेही पहिले पंधरा सेकंद रीलसाठी राखीव. शास्त्रीय गाणारी तरुण मंडळीही यात उतरली आहेत. जुन्या वाड्याचा जिना, समया, वरून ड्रोन, आणि सहा मिनिटांची बंदिश. बरं असतं, कधीकधी फारच बरं असतं. पण तंबोरा फोनमधल्या अॅपचा असेल तर ड्रोनवर केलेला खर्च मला तरी पटत नाही.

याच शहरात दुसरं एक गाणं वाढतंय आणि ते पेपराच्या चौकटीत कधी छापून येत नाही. ताडीवाला रोडच्या वस्तीतून आलेल्या एमसी स्टॅन या रॅपरने २०२० मध्ये ‘तडीपार’ हा अल्बम काढला आणि पुण्याच्या गल्लीतली हिंदी देशभर गेली. त्याच्या मागून हडपसर, येरवडा, पिंपरीकडची कितीतरी मुलं घरच्या लॅपटॉपवर बीट बनवतात, उशी-गाद्यांच्या आडोशाला आवाज रेकॉर्ड करतात. त्यांचे कार्यक्रम कळतात फक्त इन्स्टाग्रामवर, तेही दोन दिवस आधी. २०१० मध्ये एनएच-सेव्हन वीकेंडर हा महोत्सव पुण्यात सुरू झाला, तेव्हा मोठ्या स्टेजची सवय या शहराला लागली. रोजचं स्टेज मात्र अजूनही एखाद्या हॉटेलचा कोपराच आहे, आणि तिथेही घड्याळ आहेच. एक गोष्ट मला गंमतशीर वाटते. ख्याल गाणारी आणि रॅप करणारी मुलं एकमेकांना ओळखत नाहीत, पण दोघांचीही तक्रार एकच, ‘नीट रंगायला लागलं की माइक बंद होतो.’

यावर उपाय म्हणाल तर छोटी सभागृहं. दहाचा नियम बंदिस्त जागेत, आवाज बाहेर जात नसेल तर, आडवा येत नाही. शनिवार पेठेतलं सुदर्शन रंगमंच घ्या, किंवा विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ मध्ये स्थापन केलेलं गांधर्व महाविद्यालय घ्या. शंभर-दीडशे माणसं बसली की जागा भरली. गायकाचा श्वास ऐकू येतो, कधी तर माइकचीही गरज पडत नाही. घरगुती बैठकाही पुन्हा होऊ लागल्या आहेत, दिवाणखान्यातलं सामान भिंतीला लावून, तीस-चाळीस जणांत. मध्यरात्रीचा दरबारी ऐकायचा असेल तर आता अशाच ठिकाणी. फक्त यजमानांच्या शेजाऱ्यांना आधी बोलावलेलं असावं, म्हणजे तक्रार करायला कोणी उरत नाही.

अशा बैठकीला तिकीट नसतं, पाकीट किंवा पेटी ठेवलेली असते. तिथे चहाचं बिल देतो तसे पैसे टाकू नका. तबलजी रिक्षाने आलेला असतो, दोन्ही तबले आणि डग्गा घेऊन, आणि त्याला परत जायचं असतं.

जानेवारीत पंडित वसंतराव देशपांडे यांच्या स्मरणार्थ वसंतोत्सव होतो. तिथे ठुमरी, नाट्यगीत, गझल, फ्यूजन असं सगळं एका मांडवात चालतं. शुद्धतेचा सोवळेपणा घरी ठेवून जाणार असाल तर जरूर जा.

आणि सवाईला जाणार असाल तर मेट्रो आता स्वारगेटपर्यंत आली आहे, पार्किंगसाठी मुकुंदनगरला तीन फेऱ्या मारायची गरज नाही. भारतीय बैठकीचं तिकीट काढलंत तर पाठीला काहीतरी न्या, आणि संध्याकाळसाठी शाल. तीनचा कार्यक्रम असेल तर पावणेतीनला जागेवर बसा. ती शाल खुर्चीवर टाकून वडा खायला जाऊ नका.

नमस्कार.