वाढणारा कोण?

देवापुढे सगळे सारखे, हे आपल्या ख्रिस्ती मंडळीत कोणी नाकारत नाही. खरा तंटा त्यानंतर सुरू होतो. कोण कुठे बसतो, प्रभुभोजनाचा प्याला आधी कोणाच्या हातात जातो, मदतीच्या यादीतून कोणाचे नाव राहून जाते? आज मी एवढ्याबद्दलच बोलणार आहे. बायबलच्या नव्या करारातही समतेवरून झालेले मोठे वाद बरेचसे जेवणाचे आणि बसण्याचेच आहेत.

प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय घ्या. यरुशलेमेत विधवांना रोज अन्न वाटले जाई. त्यात आमच्या विधवांची उपेक्षा होते, अशी ग्रीक बोलणाऱ्या यहूद्यांनी कुरकुर केली. आपल्याकडे म्हणतात, वाढणारा आपला असला की पंगतीत शेवटी बसले तरी चालते. इथे वाढणारा आपला नव्हता. प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या मुख्य शिष्यांनी, मंडळीलाच सात माणसे निवडायला सांगितले आणि वाटप त्यांच्या हवाली केले. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सातही नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्यातलेच लोक वाढायला उभे राहिले.

याचा उपयोग आजही सरळ करता येतो. शिष्यवृत्ती, औषधपाणी, नाताळचे धान्य यांची यादी करणाऱ्या समितीत, ज्या वस्तीत मदत जाते तिथली निदान दोन माणसे घ्या. एकटा माणूस बाकीच्यांपुढे गप्प बसतो. मदतीचे निकष फलकावर लावा, नावे मात्र लावू नका. नाव लागले की घेणारा खजील होतो आणि पुढच्या वर्षी येतच नाही.

ग्रीसमधल्या करिंथात अडचण वेळेची आणि जागेची होती. मंडळी घरात जमे. रोमी पद्धतीच्या भोजनगृहात तीन मंचक, प्रत्येकावर तिघे रेलून जेवत, म्हणजे जेमतेम नऊ माणसे. उरलेल्यांना अंगण. सधन लोक लवकर येत असणार, तर गुलाम आणि मजूर काम उरकून उशिरा. कोणी उपाशी राहतो, कोणी पिऊन झिंगतो, असे प्रेषित पौल त्यांना पत्रातून संतापून लिहितो. आणि शेवटी उपाय सांगतो तो किती साधा: एकमेकांची वाट पाहा. ऊसतोडीला गेलेली कुटुंबे परतण्याआधी मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांची निवडणूक उरकणाऱ्या मंडळीने करिंथकरांस पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय पुन्हा वाचावा.

आपल्या देशात तर हे अंतर विटा-चुन्याने बांधले गेले. तमिळनाडूत तिरुनेलवेलीकडे वडक्कनकुळम नावाचे गाव आहे. तिथल्या कॅथलिक चर्चला एकोणिसाव्या शतकात दोन दालने बांधली. वेदीपाशी जुळणारी आणि तिथून फाकत जाणारी, पाटलोणीच्या दोन पायांसारखी. एका दालनात स्वतःला वरचे मानणारे वेळ्ळाळ आणि त्यांच्या बाजूच्या जाती, दुसऱ्यात ते ज्यांना खालचे मानत ते नाडार, मध्ये भिंत. वेदी एकच, धर्मगुरू एकच, भाकर एकच; पण भाकर घेणाऱ्यांनी एकमेकांचे तोंडही पाहायचे नाही. भांडण मिटावे म्हणून केलेली ही तडजोड होती. तडजोडीचे पुढे काय होते ते इथे दिसते. १९१० साली भिंत पाडली, तेव्हा वेळ्ळाळ पक्ष वेगळ्या जागेचा हक्क मागत कोर्टात गेला. मद्रास उच्च न्यायालयाने तो हक्क मानला नाही. पण एका पिढीची सोय पुढच्या पिढीने वडिलोपार्जित मालमत्ता समजावी, ही गोष्ट मला भिंतीपेक्षा जास्त दुखवते. ‘सध्यापुरते चालू द्या’ असे कोणी म्हणाले की ते कोणत्या तारखेपर्यंत, हे तिथेच इतिवृत्तात लिहून घ्या.

हे सगळे जुने झाले, असे समजू नका. कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ च्या डिसेंबरात दलित सबलीकरणाचे धोरण जाहीर केले, तेव्हा चर्चमध्येही अस्पृश्यता पाळली जाते, हे स्पष्ट कबूल केले. आमच्या प्रोटेस्टंट मंडळ्यांनी त्यावर मान डोलावून थांबू नये. महार आणि मांग घराण्यांतले जुने अंतर बाप्तिस्म्यानंतरही किती गावांत टिकले, हे आपल्याला माहीत आहे.

प्रभुभोजनाला दर वेळी वेगळ्या रांगेपासून सुरुवात करा. पंचांनी शेवटी घ्यावे. आरोग्यासाठी छोटे प्याले वापरायचे असतील तर ते सर्वांना द्या. एखाद्यालाच वेगळा प्याला मिळाला, तर बाकीच्यांना त्याचा अर्थ लगेच कळतो. दफनभूमीत जागा मृत्यूच्या तारखेच्या क्रमाने द्या आणि वहीत नोंदवा. घराण्यांसाठी जागा राखून ठेवल्या की वीस-तीस वर्षांत दफनभूमीत जातीचे कोपरे तयार होतात, आणि तिथून कोणाला हलवता येत नाही.

नव्या करारातल्या आपल्या पत्रात याकोब सोन्याची अंगठी घातलेल्या माणसाचे उदाहरण देतो: सभेत त्याला चांगली जागा, गरिबाला मात्र उभे राहा म्हणायचे. तिथल्या ‘पक्षपात’ या ग्रीक शब्दाच्या मुळाशी ‘चेहरा स्वीकारणे’ असा अर्थ आहे. आपण त्यालाच तोंड पाहून वागणे म्हणतो. जुन्या करारातले लेवीय १९:१५ मात्र दोन्ही बाजूंनी बजावते: न्याय करताना गरिबाचीही बाजू घेऊ नका, बड्याचीही भीड धरू नका.

प्रेषित पेत्राला हे सगळे ठाऊक होते. कर्नेल्य या यहूदी नसलेल्या रोमी अधिकाऱ्याच्या घरी देव पक्षपाती नाही, हे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितले होते. तरी अंत्युखिया शहरात परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहूदी नसलेल्यांबरोबर, जेवता जेवता, यरुशलेमेची यहूदी माणसे आलेली पाहून तो पंगतीतून मागे सरला, आणि त्याचे पाहून पौलाचा सोबती बर्णबाही. पेत्र भ्याला होता, असे गलतीकरांच्या पत्रात पौल लिहितो. पेत्र सर्वांसमोर उठला होता. पौलाने त्याला सर्वांसमोरच जाब विचारला.