गोव्याची दमट हवा आणि सायकलस्वाराचा पेहराव

(दृश्य: पहाट. रायबंदरच्या बांधरस्त्यावरून पणजीकडे येणारे सायकलस्वार.)

पणजी आणि रायबंदर यांना जोडणारा हा बांधरस्ता 17 व्या शतकात, पोर्तुगीज अमदानीत बांधला गेला. एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला मिठागरांची आणि खारफुटीची सखल जमीन, आणि मधून जाणारी ही सपाट वाट सायकल चालवणाऱ्यांच्या विशेष आवडीची आहे. या वाटेवर कोणत्या महिन्यात काय घालावे, हे केवळ तापमान पाहून ठरवू गेल्यास फसगत होते. पणजीचे सरासरी कमाल तापमान जानेवारीत 32 अंशांच्या आसपास असते आणि मे महिन्यात 33 अंशांच्या आसपास. एवढ्याशा फरकासाठी वेगळे कपडे कशाला हवेत, असे कोणालाही वाटेल. परंतु मे महिन्यात त्याच अंतराला अंगावरचा सदरा पिळून काढावा लागतो आणि जानेवारीच्या सकाळी तो जवळजवळ कोरडा राहतो. हा फरक हवेतल्या बाष्पाने पडतो.

सायकल चालवताना स्नायू जी ऊर्जा वापरतात, तिचा जेमतेम पाव भाग चाकापर्यंत पोहोचतो आणि उरलेल्या भागाची उष्णता होते. ती बाहेर टाकण्याचा शरीराकडचा मुख्य उपाय म्हणजे घाम. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्ण वाळला, तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता आपल्याबरोबर घेऊन जातो. मात्र हवा आधीच बाष्पाने भरलेली असेल, तर घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. आणि ओघळलेल्या घामाने शरीर थंड होत नाही, फक्त अंगातले पाणी आणि मीठ कमी होते. म्हणून गोव्यात सायकलीसाठी कपडा निवडताना तो उबदार आहे की थंड, यापेक्षा तो किती लवकर वाळतो, हे आधी पाहावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

उन्हाळ्यात सुती घालावे, हा आपल्या घरांतला पिढीजात सल्ला ओसरीवर बसण्यासाठी किंवा सायकलीने कोपऱ्यावरच्या बाजारात जाण्यासाठी अगदी योग्य आहे. तासाभराच्या फेरीसाठी मात्र तो अपुरा ठरतो. कापसाचा धागा हवेतूनच स्वतःच्या वजनाच्या सुमारे 8 टक्के ओलावा शोषून घेतो आणि घामाने भिजल्यावर तो जड होऊन अंगाला चिकटतो. पॉलिएस्टरचा धागा अर्धा टक्काही ओलावा घेत नाही. त्यामुळे विरळ विणीचा पॉलिएस्टर सदरा घाम पृष्ठभागावर पसरवतो आणि सायकलीच्या वाऱ्याने तो वाळतो. त्याला घामाचा वास लवकर धरतो, ही तक्रार खरी आहे आणि त्यावर रोज धुण्याखेरीज दुसरा उपाय नाही. धुताना कपडे मऊ करणारे द्रव वापरू नयेत, कारण त्यांचा थर धाग्यावर बसतो आणि घाम पसरवण्याचा त्याचा गुण कमी होतो.

(दृश्य: जुलै. सत्तरी तालुक्यातल्या भातशेतीची लावणी, पाठीमागे धुक्यात बुडालेले डोंगर.)

जून ते सप्टेंबर या चार महिन्यांकडे अधिक बारकाईने पाहावे लागते. गोव्यात वर्षाला सरासरी सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक याच काळात, आणि सह्याद्रीच्या पायथ्याला तो किनाऱ्यापेक्षाही जास्त असतो. अशा पावसात अंग कोरडे ठेवण्याची इच्छा स्वाभाविक आहे. म्हणून नवा सायकलस्वार प्रथम जाड रेनकोट विकत घेतो. त्या रेनकोटातून पाणी आत येत नाही, पण घामाची वाफही बाहेर जात नाही आणि थोड्याच वेळात आतला सदरा बाहेरच्या पावसाइतकाच ओला होतो. आमच्या शेतकऱ्यांनी हा प्रश्न कधीच सोडवला होता. पाठीवर घेण्याचे इरले डोक्यापासून कमरेखालपर्यंत पाऊस अडवते, पुढून आणि खालून मात्र उघडे असते. वाकून लावणी करणाऱ्याचे हात मोकळे राहतात आणि अंगाभोवती वारा खेळतो. सायकलीसाठी पावसाळी कपडा घेताना हेच पाहावे: काखेत आणि पाठीवर हवा जाण्यास झरोके असावेत, मागची बाजू लांब असावी आणि गळ्याची चेन गाडी चालवताना एका हाताने उघडता यावी.

खरे तर किनारपट्टीच्या सपाट रस्त्यांवर पुष्कळदा रेनकोटाची गरजच नसते. पावसातही हवा 24-25 अंशांच्या खाली क्वचितच उतरते आणि पाय फिरत असेपर्यंत या पावसाने थंडी वाजत नाही. लवकर वाळणारा सदरा भिजू द्यावा आणि कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून बरोबर न्यावा, हा अनेक अनुभवी सायकलस्वारांचा प्रघात आम्हांला पटतो. चोर्ला घाटासारख्या ठिकाणी गोष्ट निराळी. चढताना घामाने भिजलेले अंग उतारावरच्या वाऱ्यात एकाएकी गार पडते, बोटे आखडतात आणि ब्रेक दाबणे अवघड होते. तेथे उताराला लागण्यापूर्वी थांबून पातळ विंडचीटर चढवावा, छातीवरची चेन पूर्ण लावावी आणि शक्य असेल तर हातमोजेही बदलावेत. धनगरांची घोंगडी भिजली तरी ऊब देते, त्यामागचा लोकरीचा गुण येथेही उपयोगी पडतो: लोकर पुष्कळ ओलावा शोषूनही चटकन ओली वाटत नाही, म्हणून पातळ लोकरी पायमोजे घाटातल्या पावसात सुती मोज्यांपेक्षा कितीतरी सुखद वाटतात.

पावसाळी पेहरावातली सर्वांत उपयुक्त वस्तू अंगावर नसून सायकलीवर असते, ती म्हणजे पूर्ण लांबीचे मडगार्ड. आकाशातून पडणारे पाणी स्वच्छ असते. चाकाने उडवलेले पाणी जांभ्याच्या तांबड्या मातीने भरलेले असते, ते बसण्याच्या जागी नेमके आदळते आणि त्यातले बारीक कण कापड व त्वचा यांच्यामध्ये घासत राहतात. डोळ्यांसाठी हेल्मेटखाली पुढे झडप असलेली पातळ टोपी घालावी, म्हणजे चष्म्यावर थेंब कमी पडतात. रंग पिवळा किंवा नारिंगी असावा आणि दिवसाही मागचा दिवा चालू ठेवावा, कारण सरींच्या पडद्यात गडद रेनकोट घातलेला माणूस मोटारचालकाला फार उशिरा दिसतो.

(दृश्य: गावातल्या वळणावर भोंपू वाजवत येणारा पदेर, म्हणजे दारोदार पाव विकणारा, टोपलीवर प्लास्टिकचे आच्छादन.)

गोव्यात पहाटे, ऊन असो वा पाऊस, सायकलीवर असणारा माणूस म्हणजे पदेर. त्याच्या टोपलीवर ताणलेले प्लास्टिक पाहावे: पावाला पाणी लागता कामा नये, ही त्याची पहिली काळजी. ओझे टोपलीत, म्हणजे सायकलीवर असल्याने त्याची पाठ मोकळी असते. पाठीवर सॅक अडकवून कामावर जाणाऱ्यांनी याची दखल घ्यावी, कारण सॅकखालचा घाम वाळण्यास वावच मिळत नाही आणि सदऱ्याच्या इतर भागावर केलेला सगळा विचार तेथे वाया जातो. कॅरिअरला अडकवण्याची झोळी हाच यावरचा उपाय आहे.

आता ज्या विषयावर लोक संकोचाने बोलत नाहीत, त्याकडे वळू. ओल, घर्षण आणि ऊब या तिन्ही गोष्टी जांघेत एकत्र येतात आणि दमट हवेत तेथे पुरळ उठते, कातडी सोलते किंवा नायटा होतो. पॅड असलेली सायकलची चड्डी याकरिताच असते आणि तिच्या आत दुसरे अंतर्वस्त्र घालायचे नसते. घातल्यास त्याची शिवणच घासते. स्त्रियांनी स्पोर्ट्स ब्राच्या खालच्या पट्ट्याकडेही असेच लक्ष द्यावे. निघण्यापूर्वी पेट्रोलियम जेलीचा हलका हात लावावा आणि घरी परतल्यावर चहासाठी न रेंगाळता प्रथम ओले कपडे उतरवावेत. पावसाळ्यात जाड पॅड वाळणे ही मोठी अडचण असते. धुतलेली चड्डी कोरड्या टॉवेलात गुंडाळून दाबावी, मग उलटी करून पंख्याखाली टांगावी आणि आलटून पालटून वापरण्यास किमान दोन चड्ड्या ठेवाव्यात. पुरळ आठवडाभर टिकले, तर स्वतःच्या मनाने मलम न लावता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे, कारण स्टेरॉइड असलेल्या मलमाने खाज थांबते, पण नायटा आत पसरत राहतो.

शिगमा आटोपला की ऊन कडक होऊ लागते. गोवा साधारण 15 अंश अक्षांशावर असल्याने मे महिन्याच्या सुरुवातीला मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो. या दिवसांत उघड्या हातांपेक्षा पांढऱ्या, सैल, पूर्ण बाह्यांचा सदरा अधिक सुखाचा असतो. मानेची मागची बाजू, कानांच्या पाळ्या आणि हेल्मेटच्या फटींतून दिसणारे टाळू सर्वांत आधी भाजतात. दुपारी समुद्राकडून वारा सुटतो, पण तेव्हा रस्ताही तापलेला असतो. त्यामुळे सूर्य वर येण्याआधी परतणे हा कोणत्याही कपड्यापेक्षा चांगला बचाव आहे. बाटलीतल्या पाण्यात चिमूटभर मीठ असावे आणि घरी आल्यावर कोकम सरबत किंवा मीठ घातलेली पेज घ्यावी.

हिवाळ्याबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे. डिसेंबर-जानेवारीत वाळपई, साखळीच्या बाजूला पहाटे दंव पडते आणि धुके उतरते. एवढ्यासाठी जाकीट नको. ओढून काढता येणाऱ्या सुट्या बाह्या पुरतात. निघताना किंचित गारवा जाणवावा, म्हणजे थोड्या अंतरावर बरोबर वाटते.

(दृश्य: पणजीतल्या एका कार्यालयाचे आवार, भिंतीला टेकवलेल्या सायकली.)

सायकलने कामावर येऊ इच्छिणाऱ्याला अडवणारी खरी गोष्ट म्हणजे पोहोचल्यावर ओले कपडे कोठे ठेवावेत, हा प्रश्न. त्यासाठी कार्यालयांनी फार खर्च करण्याची गरज नाही. अंग पुसण्यापुरता नळ असलेली एक लहान खोली, एक दोरी आणि एक पंखा एवढी सोय झाली, तर सकाळी भिजलेला सदरा संध्याकाळी परतीच्या वाटेवर पुन्हा घालता येतो.