६० हर्ट्‌झची रेघ

रेडिओला जोडलेल्या संगणकाच्या पडद्यावर वरून खाली सरकणाऱ्या निळ्या पट्ट्यात जी बारीक, सरळ, पिवळी रेघ दिसते आहे, ती म्हणजे पीएसके३१ या पद्धतीने दोन हौशी रेडिओचालकांत चाललेला लेखी संवाद. या रेघेची रुंदी, म्हणजेच तिने व्यापलेला वारंवारितांचा पट्टा किंवा बँडविड्थ, सुमारे ६० हर्ट्‌झ आहे. एसएसबी (सिंगल साइडबँड) या रेडिओवर बोलण्याच्या नेहमीच्या पद्धतीने आवाज पाठवायला साधारण २,४०० हर्ट्‌झ लागतात. तेवढ्या जागेत अशा चाळीस रेघा, निदान कागदावर तरी, शेजारी शेजारी मावतात.

ही रुंदी मुख्यतः लहरीची अवस्था सेकंदाला किती वेळा बदलते, यावर ठरते. पीएसके३१मध्ये हा वेग ३१.२५ बॉड आहे आणि बदल म्हणजे लहरीची कला, अर्थात फेज, १८० अंशांनी उलटणे. हे उलटणे एका झटक्यात झाले, तर त्या झटक्याची ऊर्जा आजूबाजूच्या वारंवारितांवर दूरवर सांडते. म्हणून ही पद्धत घडवणाऱ्या पीटर मार्टिनेझ यांनी लहरीचा आयाम, म्हणजे तिची उंची, कोसाइनच्या वळणाने शून्यापर्यंत उतरवून, नेमक्या त्या क्षणी कला उलटवून, आयाम पुन्हा तसाच चढवण्याची योजना केली. मात्र प्रक्षेपकाला क्षमतेपलीकडे ताणले, की हे वळण चेपले जाते आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना नको असलेल्या रेघा उमटतात. दोष बहुधा यंत्राचा नसतो, संगणकातून प्रक्षेपकाकडे जाणाऱ्या आवाजाची पातळी वाढवणाऱ्या हाताचा असतो.

आरटीटीवाय (रेडिओ टेलिटाइप) या दोन स्वरांत आलटून पालटून मजकूर पाठवणाऱ्या जुन्या पद्धतीमध्ये ४५.४५ बॉडच्या वेगाबरोबर त्या स्वरांमधले १७० हर्ट्‌झचे अंतरही मोजावे लागते, त्यामुळे रुंदी २५० हर्ट्‌झच्या आसपास जाते.

रुंदी न वाढवता अधिक माहिती पाठवायची, तर प्रत्येक चिन्हात, म्हणजे लहरीच्या एकेका अवस्थेत, जास्त बिट भरावे लागतात. चार कला वापरणाऱ्या क्यूपीएसकेमध्ये ते दोन असतात, कला आणि आयाम दोन्ही बदलणाऱ्या १६-क्यूएएममध्ये चार, तर २५६-क्यूएएममध्ये आठ. पण चिन्हे वाढली की त्यांच्यातले अंतर घटते, आणि थोड्याशा गोंगाटातही एक चिन्ह दुसऱ्यासारखे भासू लागते. क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या सूत्रात माहितीच्या वेगाची कमाल मर्यादा म्हणूनच रुंदी आणि संकेत-गोंगाट गुणोत्तर या दोहोंवर अवलंबून असते.

मंद गतीची तयारी असेल, तर रुंदी आणखी आवळता येते. डब्ल्यूएसपीआर ही अतिक्षीण संकेतांची पद्धत जेमतेम ६ हर्ट्‌झमध्ये भागवते. मात्र चालकाचे संकेतनाम, ठिकाण आणि प्रक्षेपणाची शक्ती एवढेच सांगणारे ५० बिट पोहोचवायला तिला जवळजवळ दोन मिनिटे लागतात.