तुमची पेशी पुढं का गेली? त्याचं कारण मोबाईलवर पाहता येतं

राम राम मंडळी. देशातल्या जिल्हा आणि तालुका कोर्टांत चार कोटींहून जास्त खटले पडून आहेत, ही बातमी तुम्ही वाचलीच असेल. ती खरीच आहे. पण ज्याचा धुऱ्याचा दावा दारव्ह्याच्या नाहीतर वणीच्या कोर्टात चालू आहे, त्याला एवढंच पाहिजे: माझी पेशी पुढं का गेली?

नॅशनल ज्युडिशियल डेटा ग्रिड नावाची सरकारी वेबसाईट २०१५ पासून सगळ्यांना खुली आहे. राज्य, जिल्हा, मग आपलं कोर्ट निवडा. दहा वर्षांहून जुनी प्रकरणं किती, ते दिसतं. उशिराची कारणंही दिसतात: वकील हजर नाही, साक्षीदार आला नाही, आरोपी फरार, वरच्या कोर्टाची स्थगिती. आणि हे एक.

(स्क्रीनवर: मयताचे वारस रेकॉर्डवर नाहीत)

इथं जरा थांबू. वाटणीचा दावा इतका लांबतो की दावा टाकणारा म्हातारा आधी जातो. घरचे तेरवी उरकतात, फेरफारासाठी तलाठ्याकडे जातात, पण वकिलाला सांगायचं राहून जातं. सातबाऱ्यावर वारसांची नावं चढली म्हणजे दाव्यातही चढली, असं होत नाही! त्यासाठी मृत्यूपासून ९० दिवसांत कोर्टात वेगळा अर्ज द्यावा लागतो. मुदत हुकली की त्या माणसापुरता दावा संपतो. मग तो पुन्हा उभा करायचा अर्ज, उशीर माफ करायचा अर्ज, त्यावर समोरच्याचं म्हणणं. वावराचा वाद राहतो बाजूलाच. म्हणून घरात कुणी गेलं, तर त्याच आठवड्यात वकिलाला फोन करा.

न्यायाधीश कमी आहेत, हेही खरं. १९८७ साली विधी आयोगानं दहा लाख लोकांमागे ५० न्यायाधीश सुचवले होते. आज त्याच्या निम्मेही नाहीत. ते आपल्या हातात नाही. पण वकिलाकडून सोळा अक्षरी सीएनआर नंबर, म्हणजे आपल्या खटल्याचा ओळख क्रमांक, मागून घेणं आपल्या हातात आहे. ई-कोर्ट्स ॲपमध्ये तो टाकला की कोणत्या पेशीला काय झालं, ते घरबसल्या वाचता येतं. वकील परवडत नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. बायांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

आणि तालुक्याच्या पत्रकार भावांनो, तुम्हाला एक कळकळीची विनंती. पुढची बातमी कराल तेव्हा देशाच्या आकड्याखाली आपल्या कोर्टातल्या जुन्या दाव्यांची संख्या छापा, कारणं छापा. कारणाची नोंदच केलेली नसेल, तर तेही लिहा.