मोसंबी, नारळ आणि बुद्धिबळाचा पट

श्रोतेहो, नमस्कार.

जालन्यातल्या एका मुलाबद्दल बोलायचं आहे. चौदा वर्षांचा आहे, जन्मापासून त्याला दिसत नाही. माझ्याकडे बुद्धिबळ खेळायला येतो.

अंधांच्या पटावर काळी घरं किंचित उंच असतात, प्रत्येक घराला भोक आणि सोंगटीच्या बुडाला खुंटी. काळ्या सोंगट्यांवर हाताला कळेल अशी खूण. दोघांचे पट दोन, चाल तोंडाने सांगायची. पटावरून बोटं कितीही फिरवा. खुंटी भोकातून निघाली, तरच सोंगटीला हात लागला असं धरतात. परवा मी उंट हलवला आणि बोलायचं राहून गेलं. हा लगेच म्हणाला, "सर, खुंटी बसल्याचा आवाज आला. चाल सांगा ना."

चीनमध्ये हांगझोऊला २०२३ मध्ये आशियाई पॅरा स्पर्धा, म्हणजे दिव्यांग खेळाडूंची स्पर्धा झाली. तिथे बुद्धिबळात पूर्ण अंध पुरुषांच्या गटात दर्पण इनानी, सौंदर्य कुमार प्रधान आणि अश्विन मकवाना यांनी सुवर्ण, रौप्य, कांस्य अशी तिन्ही पदकं भारतात आणली. हे सांगता सांगता मी बोलून गेलो, की त्याच स्पर्धेत लॉन बोल्सही होतं. झालं! तो खेळ कसा असतो, म्हणून त्याने मला सोडलं नाही.

२०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या चार मुलींनी सुवर्ण जिंकलं, तोच हा खेळ. हिरवळीवर 'जॅक' नावाच्या छोट्या चेंडूजवळ आपले 'बोल', म्हणजे मोठे चेंडू, घरंगळत न्यायचे. गंमत अशी, की बोल सरळ जातच नाही. त्याची एक बाजू वेगळी घडवलेली असते, म्हणून वेग मंदावला की तो वळतो. अंध खेळाडूसाठी खेळायच्या पट्टीच्या मधोमध दोरी ताणतात. जॅकजवळ उभा असलेला साथीदार घड्याळाच्या भाषेत सांगतो: सहा वाजता म्हणजे अलीकडे, बारा वाजता म्हणजे पलीकडे.

म्हणजे पुन्हा तेच! कानाने ऐकायचं आणि डाव डोक्यात मांडायचा. ज्याला चौसष्ट घरं पाठ आहेत, तो इथेही चमकेल, असं मला मनापासून वाटतं.

आता मराठवाड्यात उन्हाळ्यात प्यायला टँकर, हिरवळ कुठून जोपासणार? पण या खेळाचा एक आखूड प्रकार चटईवर, घरात खेळतात. चटई ४० ते ४५ फूट लांब, ६ फूट रुंद. मंगल कार्यालयात सहज मावेल. ज्यांच्या हाती शाळा आहेत, सभागृहं आहेत, त्यांनी एवढं कराच. अशा मुलांना एक नाही, दोन खेळ मिळू द्या.

आम्ही वाट पाहिली नाही. व्हरांड्यात सुतळी ताणली, जॅक म्हणून मोसंबी ठेवली, बोल म्हणून सोललेले नारळ घेतले. नारळही वाकडाच पळतो. त्याने पहिले दोन सोडले, दोन्ही लांब गेले. मी ओरडलो, "बारा वाजता, दोन हात!" तो थांबला. सुतळी चाचपली.

"सर, मोसंबीला धक्का दिला तर चालतं का?"

चालतं. खऱ्या खेळातही चालतं, पण ते मी त्याला सांगितलंच नव्हतं.

तिसरा नारळ जोरात आला, मोसंबीला लागला. ती घरंगळत माझ्या पायाशी आली आणि त्याच्याच दोन चुकलेल्या नारळांच्या मधोमध थांबली.