पिसं वर करून बघा

नमस्कार मंडळी. मी राहते धायरीला, घरामागे थोडी मोकळी जागा आहे तिथे पाच कोंबड्या आणि एक कोंबडा असं आमचं खुराडं आहे, आणि आज जे सांगणारे ते सगळं आमच्या चंद्री नावाच्या कोंबडीच्या जखमेतून शिकलेलं आहे. पुण्यात आता कात्रज म्हणा, वारजे म्हणा, मांजरी म्हणा, घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये चार-दोन गावठी कोंबड्या पाळणारी घरं बरीच आहेत, त्यांनी जरा लक्ष देऊन ऐका.

गेल्या श्रावणात पाऊस नुसता लागून राहिला होता. एक दिवस सकाळी खुराड्याचं दार उघडलं, सगळ्या धावत बाहेर आल्या आणि चंद्री कोपऱ्यातच. पिसं फुगवलेली, डोळे अर्धे मिटलेले, तुरा फिका पडलेला. मला वाटलं खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसली असेल. पण खुडूक कोंबडी हात पुढे केला की गुरगुरते, चोच मारते, ही नुसती बघत राहिली. तरी मी दोन दिवस तसेच घालवले आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं, कारण तिसऱ्या दिवशी तिला उचललं तेव्हा वास आला, पंखाखालची पिसं वर केली तर कुशीवर दोन बोटं लांब फाटलेलं, कडा काळपट-हिरव्या झालेल्या, आणि पिसांच्या बुडाशी तांदळाच्या बारीक कणीसारखी माश्यांची अंडी चिकटलेली. वरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. कोंबडा पाठीवर चढतो तेव्हा त्याच्या पायामागच्या टोकदार नखीनं असं फाटतं, हे नंतर डॉक्टरांनी सांगितलं.

कोंबडी दुखणं लपवते. कमजोर दिसली की बाकीच्या टोचतात, आणि एकदा लाल रंग दिसला की मग थांबतच नाहीत. त्यामुळे आधी तिला वेगळं करा, बाकी सगळं नंतर. मोठा खोका घ्या, तळाला धुतलेलं जुनं सुती कापड घाला, भुसा-पेंढा नको, तो जखमेत जाऊन बसतो. आणि खोक्यावर मच्छरदाणी टाकाच. पावसाळ्यात माशीनं घातलेल्या अंड्यातून एका दिवसात अळ्या बाहेर पडतात आणि मग त्या जिवंत मांसात शिरतात, ते बघवत नाही हो.

आता धरायचं कसं. अंधारात कोंबडी शांत असते, म्हणून संध्याकाळनंतर हे काम करा, टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर घ्या, एकानं धरायचं आणि दुसऱ्यानं टॉर्च दाखवत साफ करायचं. पण छाती आवळू नका! आपल्याला जसं श्वासपटल असतं तसं पक्ष्यांना नसतं, छातीचं हाड हललं तरच त्यांचा श्वास चालतो, घट्ट धरलं तर हातातच गुदमरून मरेल.

धुवायला मिठाचं पाणी. एक लिटर पाणी उकळून कोमट करायचं, त्यात 9 ग्रॅम मीठ, म्हणजे साधारण दीड छोटा चमचा. सुई काढलेली मोठी सिरिंज घेऊन धार सोडायची, कापसानं घासायचं नाही, कापसाचे धागे आत राहतात. जखमेभोवतीची पिसं कात्रीनं कापा, उपटू नका, उपटलं तर कातडी अजून फाटते आणि नव्या पिसाच्या देठात रक्त असतं ते वाहायला लागतं. माश्यांची अंडी मी चिमट्यानं एकेक काढली, पाऊण तास लागला. मग बीटाडीन पाण्यात घालून, बिनदुधाच्या फिक्या चहासारखा रंग येईल इतकंच, आणि ते जखमेवर सोडायचं. सकाळ-संध्याकाळ, रोज, एकही दिवस न चुकता. मी तर म्हणेन बारा आणे उपचार या धुण्यातच आहे.

एक गोष्ट मला अजिबात माहीत नव्हती. कोंबडीचा पू आपल्यासारखा वाहत नाही. आपल्या पांढऱ्या पेशींत पू पातळ करणारी जी एन्झाइम असतात त्यातली काही कोंबडीच्या पेशींत नसतात, म्हणून तिचा पू घट्ट होतो, पिवळसर पनीरच्या गोळ्यासारखा. तो दाबून निघत नाही. दाबलं की आत सरकतो, कोंबडीला वेदना होतात आणि हाती काहीच लागत नाही. पायाच्या तळव्याला सूज येऊन मध्ये काळी खपली धरते ना, तिथेही आत हाच गोळा असतो. तो डॉक्टरांनीच उघडून काढायचा, घरात ब्लेड घेऊन बसू नका, कळकळीनं सांगते.

आमच्या सासूबाई गावाकडच्या, त्यांनी हयातभर कोंबड्या सांभाळल्या, त्या म्हणाल्या हळद-तेल भर. हळद वाईट नाही, पण त्याचा जाड लेप बसला की खाली काय चाललंय ते दिसत नाही आणि तेलानं पिसं चिकटतात, मग ऊब राहत नाही. मी त्यांना टॉर्च लावून जखम दाखवली, तेव्हा त्याच म्हणाल्या की आधी धुऊ मग बघू, आणि पुढे रोज त्यांनीच तिला मांडीवर धरलं. फिनेल, रॉकेल, टर्पेंटाइन, डांबरगोळीची पूड मात्र बिलकुल नको. गुराढोरांच्या जखमेत किडे पडले की लोक हे वापरतात, पण कोंबडीची कातडी कागदाइतकी पातळ, शिवाय ती चोचीनं तिथेच टोचते आणि ते सगळं पोटात जातं. बधिर करणारी माणसांची मलमं पण नकोत.

आणि अँटिबायोटिक मनानं देऊ नका, घरातली उरलेली गोळी कुटून तर नाहीच. कोलिस्टिन नावाचं औषध आहे, माणसाला बाकी काही लागू पडत नाही तेव्हा ते वापरतात, आणि तेच कोंबड्यांच्या खाद्यात सर्रास जायला लागलं होतं, म्हणून 2019 मध्ये केंद्र सरकारनं अशा वापरावर बंदी घातली. आपल्या चार कोंबड्यांनी काय होतंय असं म्हणू नये. चंद्रीला मी आधी जवळच्या एका दवाखान्यात नेलं, तिथे सांगितलं की आम्ही कुत्री-मांजरीच बघतो, तो अर्धा दिवस फुकट गेला. मग औंधच्या सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात गेले, तिथे वजन करून इंजेक्शन ठरवलं आणि आत बसलेला गोळा काढून दिला. जाणं जमत नसेल तर 1962 हा जनावरांच्या दवाखान्याचा टोल फ्री नंबर लिहून ठेवा. मांजरानं चावलेलं असेल तर वाट बघूच नका, त्याच दिवशी न्या, मांजराच्या दातातले जंतू पक्ष्याला एक-दोन दिवसांत संपवतात. आणि जखम नसताना दोन-तीन कोंबड्या पटापट मेल्या, तुरे जांभळे पडले, तर त्यांना हात न लावता आधी पशुसंवर्धन खात्याला कळवा, ते प्रकरण वेगळं, बर्ड फ्लूसारखं असू शकतं.

खाण्याचं म्हणाल तर आजारी कोंबडी कोरडे दाणे टाकून देते. मी उकडलेलं अंडं कुस्करून, भिजवलेला ज्वारीचा भरडा आणि चमचाभर दही असं देत होते. पाणी पाजताना चोचीच्या कडेला थेंब लावायचा, ती स्वतः गिळते, सिरिंजनं घशात ढकललं तर श्वासनळीत जातं, कारण श्वासनळीचं तोंड जिभेच्या अगदी मागेच असतं. खोक्याच्या एका बाजूला साधा पिवळा बल्ब लावला होता, एकाच बाजूला, म्हणजे गरम झालं तर ती सरकू शकते. रोज किचनच्या काट्यावर वजन करायचे. खोक्यात आली तेव्हा 1 किलो 100 ग्रॅम होती, सहा दिवस काटा हललाच नाही, सातव्या दिवशी 20 ग्रॅम वाढलं आणि मी सासूबाईंना हाक मारून तो आकडा दाखवला.

चोवीस दिवस लागले. जखमेत आधी लाल दाणेदार मांस भरलं, मग कडेनं कातडी सरकत आली, मग खपली, मग बारीक पिसांचे कोंब. मधल्या काळात कोंबड्याच्या नख्यांची टोकं कानशीनं घासून बोथट केली, टोकच फक्त, आत रक्त असतं. चंद्रीला परत नेलं ते रात्री, सगळ्या दांडीवर झोपल्यावर हळूच मध्ये बसवली, दिवसा सोडली असती तर नवखी समजून टोचली असती. औषध अंड्यात उतरतं म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या तारखेपर्यंतची तिची अंडी आम्ही खाल्ली नाहीत, मागे खड्डा करून पुरत होतो.

आता दर रविवारी रात्री मी आणि सासूबाई टॉर्च घेऊन जातो, एकेक कोंबडी उचलून दोन्ही पंखांखाली, शेपटीखाली, तळव्यांना बघतो. सहा पक्ष्यांना वीस मिनिटं लागतात. परवा चंद्रीची पाळी आली तर तिनं स्वतःच पंख सैल सोडला.