परुळकर लंडी कोतलला का पकडले गेले?

नमस्कार मंडळी. भारतीय हवाई दलातले वैमानिक ग्रुप कॅप्टन दिलीप परुळकर यांच्याविषयी आज पुन्हा बोलावे लागत आहे, कारण १० ऑगस्ट २०२५ रोजी त्यांचे निधन झाल्यापासून प्रतिक्रियांमध्ये एकच वाक्य सतत वाचायला मिळते : ‘ते पाकिस्तानच्या कैदेतून निसटून भारतात पोचले.’ ते निसटले हे खरे. पण त्या खेपेस ते भारतात पोचले नाहीत.

शाळेत असताना वक्तृत्व स्पर्धेत मीही हेच ठोकून सांगितले होते आणि टाळ्या मिळाल्या होत्या. घरी आल्यावर आमच्या इमारतीतले, हवाई दलातून निवृत्त झालेले काका शांतपणे म्हणाले, “बाळ, त्यांचे खरे धैर्य तू गाळलेस.” ते वाक्य मी विसरलेलो नाही.

पूर्वपीठिका आपल्याला ठाऊक आहे. १९६३ मध्ये हवाई दलात प्रवेश. १९६५ च्या युद्धात उजव्या खांद्याला दुखापत होऊनही विमान तळावर परत आणले, त्याबद्दल वायुसेना पदक. आणि १० डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे सुखोई-७ विमान पाडले गेल्यावर रावळपिंडीच्या छावणीत कैद.

तिथे त्यांनी गरेवाल आणि हरीश सिंहजी या सहकाऱ्यांसह कोठडीची भिंत हळूहळू पोखरली. वैमानिकाच्या पायांना आणि पोटाला आवळून धरणारा जो जी-सूट असतो, त्यातल्या हवेच्या रबरी पिशव्या काढून त्यांनी पाण्याच्या पिशव्या केल्या, आणि १९७२ च्या ऑगस्टमध्ये, पाकिस्तानच्या स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर, एका रात्री ते बाहेर पडले. ‘लाहोरकडे न जाता पेशावरकडे का गेले?’ असे अनेक जण विचारतात. भारताच्या सीमेवर सैन्य खडे होते, म्हणून त्यांनी अफगाणिस्तानची वाट धरली.

आता लंडी खाना, म्हणजे त्या वाटेवरचे अफगाण सीमेजवळचे ठिकाण. (नकाशावर बोट ठेवून) नकाशात खैबर खिंडीतली रेल्वे लंडी कोतलच्या पुढे लंडी खान्यापर्यंत जाताना दिसत होती, म्हणून लंडी कोतलला पोचल्यावर त्यांनी तिथे जाण्यासाठी वाहनाची चौकशी केली. प्रत्यक्षात तो शेवटचा फाटा १९३२ मध्येच बंद पडला होता. मुंबईतल्या ट्राम १९६४ मध्ये थांबल्या, तरी आपण आजही ‘दादर टीटी’ म्हणतो, म्हणजे ट्राम टर्मिनस. बाहेरगावच्या माणसाने तिथे उतरून ‘ट्राम कुठे मिळेल?’ असे विचारले, तर पानवालासुद्धा चमकून वर पाहील. लंडी कोतलला नेमके हेच घडले.

‘एवढी तयारी केली आणि एक नाव तपासले नाही?’ असे लिहिणाऱ्यांचा मला राग येतो. कोठडीतल्या माणसाने ते कोणाला विचारून तपासायचे होते? त्यात त्या काळी पाकिस्तानात अडकलेले बंगाली याच वाटेने पळत होते, त्यामुळे तहसील कचेरीतल्या कारकुनाला अनोळखी चेहऱ्यांचा आधीच संशय होता. नाव चुकले नसते तर त्याने हटकलेच नसते, असे म्हणता येत नाही. पण नावाने संशय पक्का केला आणि तिघे पकडले गेले.

काका ज्या धैर्याविषयी म्हणाले होते, ते इथून पुढचे. आपण पाकिस्तानी हवाई दलातले आहोत असे सांगून परुळकरांनी तिथल्या हवाई दल प्रमुखांच्या एडीसींना (म्हणजे खास सहायक अधिकाऱ्याला), उस्मान हमीद यांना, दूरध्वनी करू देण्याचा आग्रह धरला. हमीद हे रावळपिंडीच्या छावणीचे पूर्वीचे प्रमुख. त्या एका दूरध्वनीने त्यांची ओळख युद्धकैदी म्हणून नोंदली गेली आणि तिघे जण अनोळखी हेर म्हणून मारले जाण्यापासून वाचले.

१ डिसेंबर १९७२ रोजी ते इतर कैद्यांबरोबर वाघा सीमेवरून परतले. पुढे विशिष्ट सेवा पदक मिळाले, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत त्यांनी बटालियन कमांडर म्हणून छात्र घडवले आणि निवृत्तीनंतर पुण्यात वास्तव्य केले. आपल्यापैकी कोणी खडकवासल्याला त्यांच्या हाताखाली शिकले असेल, तर प्रतिक्रियेत अवश्य लिहावे. त्या वर्षांवर मला स्वतंत्र भाग करायचा आहे.